माणशी खर्च कमी म्हणजे कार्यक्रम स्वस्त, असं नसतं

शहादा तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेच्या कार्यकर्तीनं विचारलं आहे: "आमचे अभ्यासवर्ग डोंगरातल्या पाड्यांवर चालतात. मुलामागे वर्षाला साधारण दोन हजार रुपये खर्च येतो. सीएसआर निधीसाठी, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशासाठी, एका कंपनीकडे अर्ज केला, तर ते म्हणाले, दुसरी एक संस्था पाचशे रुपयांत एका मुलाला शैक्षणिक संच देते, तुम्ही चौपट महाग आहात. त्याच पैशात बंधारेही होतील, असंही ते सुचवतात. त्यांना काय उत्तर द्यावं? आणि आम्ही खरंच महाग असू, तर ते आमचं आम्हाला कसं कळावं?"

ताई, शेवटचा प्रश्न विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. आपलं काम महाग पडत असेल का, ही शंका स्वतःहून घेणारी माणसं मला फार थोडी भेटली. मी धुळ्यात असतो. बावीस वर्षं खानदेशातच काम केलं, आधी कार्यक्रम चालवले आणि नंतर दुसऱ्यांचे तपासले.

कंपनीनं मांडला तो "लाभार्थीमागे खर्च". त्यातली बेरीज बरोबर असते, भागाकार चुकतो. संच हातात पडला की मूल लाभार्थी झालं, मग ते वाचो न वाचो. पैसे देणाऱ्याला संच वाटायचे नसतात, मूल वाचायला लागलेलं हवं असतं. म्हणून भागायचं ते वाचायला लागलेल्या मुलांच्या संख्येनं. त्यातही जी मुलं एरवीसुद्धा वाचायला लागलीच असती, ती वजा करून.

आकडे घालून दाखवतो. हे आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या संस्थेचे नाहीत. समजा, संच १००० मुलांना दिले, खर्च ५ लाख. आधी शंभरातली ३० मुलं दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचत होती, वर्षानं ३४ वाचू लागली. पण जिथे काहीच दिलं नाही अशा शेजारच्या गावांतही ३० ची ३३ झाली, कारण शाळा तिथेही चालूच होती. म्हणजे संचाची कमाई शंभरात एक मूल, हजारात १०. वाचायला लागलेल्या एका मुलामागे खर्च झाला ५०,००० रुपये. आता अभ्यासवर्ग. मुलं १५०, खर्च ३ लाख. २८ ची ६२ झाली, वर्ग नसलेल्या पाड्यांवर २८ ची ३२. कमाई शंभरात ३०, म्हणजे ४५ मुलं. एका मुलामागे ६,६६७ रुपये. चौपट महाग दिसणारं काम इथे साडेसातपट स्वस्त निघालं. तुमच्याकडे असंच निघेल असं मी म्हणत नाही. उलटंही निघू शकतं, आणि निघालं तर ते मान्य करायची तयारी ठेवूनच मोजायला बसा.

"एरवीही झालंच असतं" हा भाग लोकांना किरकोळ वाटतो. मलाही वाटायचा. २०१८ साली पावसानं दगा दिला, ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आपल्याकडचे कितीतरी तालुके त्यात होते. २०१९ च्या उन्हाळ्यात एका गावात नाल्याचं खोलीकरण झालं. त्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही हटेना. आदल्या जानेवारीत विहिरी मोजल्या होत्या, पुढच्या जानेवारीत पुन्हा टेपला दगड बांधून सोडला, तर पाणी कितीतरी वर आलेलं. गावानं पेढे वाटले. अहवाल लिहायला बसलो आणि मनात आलं, पलीकडच्या गावच्या विहिरी बघून घ्याव्यात. तिथल्या नाल्यावर फावडंही पडलेलं नव्हतं. तिथेही पाणी जवळपास तितकंच चढलेलं. आमच्या विहिरींची खरी वाढ त्यांच्यापेक्षा दोन-अडीच हात जास्त, एवढीच. तेही कमी नाही, पण अहवालात जे लिहायला निघालो होतो त्याच्या पासंगालाही ते पुरत नव्हतं. नाल्याकाठी एक म्हातारे शेतकरी उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, पानी उनं, पन कोना वावरमा उनं ते दखा." म्हणजे पाणी आलं, पण कोणाच्या शेतात आलं ते बघा. पाहिलं, तर वाढ झालेल्या बहुतेक विहिरी नाल्याला लागून असलेल्या चार-पाच मोठ्या खातेदारांच्या. वरच्या अंगाच्या कोरडवाहू तुकड्यांना थेंबही मिळाला नव्हता. तेव्हापासून सरासरीच्या शेजारी "कोणाला किती" असा एक रकाना मी न चुकता ठेवतो.

तुमच्या भागात मोजणी फसण्याचं आणखी एक मोठं कारण आहे, ते म्हणजे स्थलांतर. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुलंही बरोबर जातात. फेब्रुवारीत पाड्यावर गेलं की निम्म्या झोपड्यांच्या दारांना दोरी बांधलेली दिसते. एका पोषण कार्यक्रमात नेमक्या याच महिन्यात वजनं झाली, आणि कुपोषण घटलं असं कागदावर आलं. मी वजनाची वही आणि अंगणवाडीची नोंदवही शेजारी-शेजारी ठेवून नावं जुळवली. पहिल्या फेरीत दंडघेराच्या पट्टीवर लाल रंगात, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आलेली बरीचशी मुलं दुसऱ्या फेरीत नव्हतीच. ती सुधारली नव्हती, तोडीच्या तळावर होती. जी घरी राहिली, त्यांची घरं मुळातच थोडी बरी. सेविकाताईंनी काहीही लपवलं नव्हतं, समोर जे मूल आलं त्याचं वजन त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. चूक मोजणीचा महिना ठरवणाऱ्यांची होती. तुमच्या वर्गातलंही जे मूल दुसऱ्या चाचणीला हजर नसेल, त्याचं नाव यादीतून खोडू नका. ते कुठे गेलं हे लिहा आणि त्याला मोजणीत धरा.

आता खर्चाची बाजू. तुमचे दोन हजार कशाकशाचे, हे आधी तपासा. वर्ग घेणाऱ्या ताईचं मानधन, पुस्तकं, फळा एवढंच धरलं असेल तर हिशेब अपुरा आहे. प्रशिक्षणाचे दिवस आणि तिथलं जेवण, पर्यवेक्षकाचा पगार, घाट चढणाऱ्या जीपचं भाडं, कार्यालयाच्या भाड्यातला वाटा, सगळं आलं पाहिजे. शाळेनं खोली फुकट दिली असेल तर तीही धरा, कारण उद्या दुसऱ्या गावात ती फुकट मिळेलच असं नाही. आणि लोकांच्या खिशातून जातं तेही. आपल्याकडे सगळ्यात सर्रास सुटतो तो हाच खर्च. आईला मुलाला घेऊन दिवसभर केंद्रावर बसवलं तर तिचा रोज बुडतो. कार्यक्रमाच्या वहीत तो शून्य असतो, तिच्या घरात शून्य नसतो. श्रमदानाचंही तसंच. लोकांनी आनंदानं केलं म्हणून ते फुकट होत नाही.

आईचा बुडालेला रोज हिशेबात धरला की कार्यक्रमाचं चित्र किती पालटतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण आपल्यासारख्याच भिल्ल वस्तीच्या मुलखातलं आहे. राजस्थानच्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी लसीकरणाचा प्रयोग केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १३४ गावांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. काहींत दर महिन्याला ठरल्या दिवशी, न चुकता शिबिर. उरलेल्यांत तेच शिबिर, शिवाय प्रत्येक लसीला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच. पहिल्या गटात पूर्ण लसीकरण झालेली मुलं शंभरात ६, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात ३९.

हे ऐकलं की कोणीही म्हणेल, डाळ वाटली म्हणजे खर्च वाढला असणार. प्रत्यक्षात पूर्ण लसीकरण झालेल्या एका मुलामागे नुसत्या शिबिराचा खर्च २,२०२ रुपये आला, आणि डाळ-ताटांसकट १,१०२ रुपये. निम्मा! कारण साधं आहे. परिचारिका शिबिरात बसली की तिचा दिवसाचा पगार, गाडी, बर्फाची पेटी हे सगळं लागतंच, मग चार मुलं येवोत की वीस. डाळीमुळे मुलं जास्त आली आणि तोच खर्च जास्त मुलांत वाटला गेला. डाळीमुळे आईची फेरीही वाया गेली नाही. लोकांना लसीचं महत्त्व कळत नाही, असं आपण बैठकांत किती सहज बोलून जातो. त्या आयांना ते कळत होतं की नव्हतं यापेक्षा, आजचा रोज सोडून वर्षांनी मिळणाऱ्या फायद्यासाठी चालत जाणं त्यांना परवडत होतं का, हे बघायला हवं होतं.

तुमच्या कामालाही हे लागू आहे. वर्गात २५ मुलांची सोय असून १४ च येत असतील, तर मानधन कापून खर्च कमी करण्यापेक्षा उरलेली ११ का येत नाहीत ते शोधणं जास्त स्वस्त पडेल. कदाचित संध्याकाळची वेळ गुरं घरी आणायची असेल.

शिक्षणातलं उदाहरण द्यायचं तर मुंबई आणि वडोदऱ्यातलं देतो. २००१ ते २००४ या काळात प्रथम संस्थेच्या दोन कार्यक्रमांची तुलना झाली. एकात "बालसखी", म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुणी, मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन बसायची. दुसऱ्यात मुलं संगणकावर गणिताचे खेळ खेळायची. गुणांतला नुसता फरक पाहिला तर संगणक पुढे होता: बालसखीची एकूण गुणांतली वाढ ०.२८ प्रमाण विचलन (मुलामुलांच्या गुणांत एरवी जेवढा फरक असतो, त्या मापात मोजलेली वाढ), संगणकाची गणितातली ०.४७. पण बालसखीला मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलर लागत होते आणि संगणकाला पंधरा डॉलरच्या वर. रुपयामागे शिकणं पाहिलं तर बालसखी कितीतरी पुढे. तुमच्या वर्गातली ताईही अशीच पाड्यावरची असेल, पावरी बोली बोलणारी. मूल "परिच्छेद" अडखळत वाचतं पण अर्थ पावरीत धडाधड सांगतं, हे तिलाच कळतं. बाहेरून आलेल्या तपासनिसाला ते मूल नापास वाटतं.

मात्र त्याच अभ्यासातला पुढचा भाग आपल्या माणसांना सांगायला आवडत नाही. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरानं मुलांची वाढ ओसरून ०.१० च्या आसपास आली. म्हणजे वर्ग संपले त्या दिवशी मोजून थांबलात तर आकडा फुगलेला येतो. एकदा वर्षानंतरही मोजा. काळाचा हिशेब पैशालाही लावायचा असतो. पाच वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत, दहा टक्के दरानं, ६२ रुपयेच होते. बंधाऱ्याचे फायदे "पंधरा वर्षं मिळतील" असं सांगून गुणाकार करणारे हा दर लावत नाहीत, आणि गाळ काढण्याचा खर्चही धरत नाहीत. पांझरा नदीवरचे फड पद्धतीचे, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घ्यायचे बंधारे शतकानुशतकं चालले. ते नुसत्या दगड-चुन्याच्या जोरावर नाही. पाटकरी होते, जागल्या होते, दरवर्षी पाट साफ करायची वाटणी ठरलेली होती, आणि पाण्याचा वाटाही ठरलेला होता. तो खर्च लोकच करत होते, पण तो खर्च आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बंधाऱ्यांच्या सूचनेबद्दल. कंपनीच्या माणसांनी बहुधा शिरपूर पाहिलं असेल. तिथे भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल-रुंद केले, बंधाऱ्यांची साखळी घातली, आणि पाणी वर आलं. ते काम मोठं आहे. पण ते कुठल्या जमिनीवर झालं हे पाहिल्याशिवाय खर्चाचा आकडा उचलता येत नाही. तापीकाठी गाळाची जाड जमीन आहे. वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी जिरू देत नाही, तो खोदून बाजूला केला की खाली पाणी मावायला जागा आहे. तुमच्या धडगावकडच्या डोंगरात उताराची जमीन आणि खाली कठीण काळा खडक. तिथे तेवढ्याच पैशात तेवढंच पाणी साठणार नाही. राज्यभरात जलयुक्त शिवार या सरकारी पाणी-योजनेवर ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही, असं महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये नोंदवलं. याचा अर्थ बंधारे वाईट असा मी घेत नाही. किती बंधारे झाले हे मोजलं गेलं आणि कुठल्या खडकावर झाले हे मागे राहिलं, तर पैसा असाच जिरतो.

दुसरीकडचा आकडा उचलताना हीच काळजी प्रत्येक वेळी घ्यावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या "सर्च"नं गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. खर्च बाळामागे ५.३ डॉलर, आणि १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. गुणाकार करा, एक जीव वाचवायला साधारण ९५ डॉलर. इतकं स्वस्त काम जगात फार थोडं असेल. पण ते आकडे त्या काळचे, दवाखाना लांब आणि मृत्युदर खूप जास्त असलेल्या गावांतले, आणि कडक देखरेखीखालचे. आज जिथे बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, तिथे त्याच पद्धतीला तेवढे जीव वाचवायला शिल्लकच नसतात. नर्मदाकाठच्या पाड्यावर, जिथे अजून बाई झोळीत घालून खाली आणावी लागते, तिथे ते आकडे कदाचित जवळचे ठरतील.

यातून एका अडचणीच्या प्रश्नाकडे येतो, आणि इथे माझं मत पक्कं आहे. खर्च भागिले परिणाम हे सूत्र डोळे झाकून लावलं तर निधी नेहमी सपाटीवर जाईल. शहाद्याच्या ऊस-केळीच्या गावात एसटी दारात थांबते, एक पर्यवेक्षक दिवसात चार वर्ग पाहतो. नर्मदाकाठच्या मणिबेलीकडे जायला बोट लागते, दिवसात एक वर्ग झाला तरी नशीब. दोन्हीकडे मुलामागे सारखा खर्च येणं शक्यच नाही. म्हणून तुलना करायची ती डोंगरातल्या कामाची डोंगरातल्या कामाशी. डोंगरातल्या डोंगरात संच स्वस्त की वर्ग, घरी भेट स्वस्त की शिबिर, हा प्रश्न जरूर विचारा आणि उत्तर कठोरपणे पाळा. पण डोंगरात जायचं की नाही हा प्रश्न भागाकाराला विचारायचा नाही. तिथलं मूल मोजणीत महाग आहे, कारण सत्तर वर्षं तिथे रस्ता केला नाही. त्याचा दंड त्या मुलानं का भरावा?

तसंच वर्ग आणि बंधारा यांची एका आकड्यात तुलना करू नका. दोन्हींचं रुपयांत रूपांतर करता येतं, मीही केलं आहे. पण वाचता येणारं मूल पुढे किती कमावेल, याची अटकळ जराशी इकडची तिकडे केली की निकाल उलटा होतो. असा निकाल कंपनीला द्यायचा म्हणजे आपल्या गृहीतकावर आकड्याचं पांघरूण घालायचं. एका मुलाच्या वाचनाला किती रुपये आणि एका एकराच्या रब्बीच्या पाण्याला किती रुपये, हे शेजारी-शेजारी मांडा. निवड त्यांनी करावी, शक्य तर गावाला विचारून.

आता प्रत्यक्ष करायचं काय. कंपनीला लिहा की आम्ही एका वर्षात "वाचायला लागलेल्या मुलामागे खर्च" काढून देऊ, आणि संचवाल्या संस्थेकडेही तोच आकडा मागावा. आकडा एकच देऊ नका. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असा पल्ला द्या, आणि कुठल्या गोष्टीनं तो हलतो ते सांगा. वाचनाची चाचणी नवी बनवायला जाऊ नका. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी "असर" या शैक्षणिक सर्वेक्षणाची साधी चाचणी २००५ पासून देशभर वापरात आहे, एका मुलाला काही मिनिटं पुरतात. चाचणी वर्ग घेणाऱ्या ताईनं घेऊ नये, दुसऱ्या पाड्याच्या ताईनं घ्यावी.

मोजणी ऑगस्टात करा, पोळ्याच्या आधी. तेव्हा माणसं घरी असतात. पुढच्या वर्षीही ऑगस्टातच. आणि तुलनेसाठी वेगळी गावं शोधत फिरू नका. समजा, तुम्हाला आठ नवे पाडे घ्यायचे आहेत, पण यंदा माणसं आणि पैसा चारांपुरताच आहे. मग आठही पाड्यांत त्याच ऑगस्टात चाचणी घ्या, चार पाडे यंदा सुरू करा, चार पुढच्या वर्षी. कुठले आधी, हे कार्यालयात बसून ठरवू नका, नाहीतर नकळत रस्त्यालगतचे आधी निवडाल. आठही पाड्यांच्या कारभाऱ्यांना एकत्र बोलवा, पैसा यंदा चारांपुरताच आहे हे सरळ सांगा, आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाका. मी हे तीन वेळा केलं. स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या, आणि काढायला तिथलीच एखादी लहान मुलगी. ज्यांचा नंबर पुढच्या वर्षी आला ते नाराज झाले, पण भांडायला कोणी आलं नाही. फक्त मागच्या चार पाड्यांना दिलेली तारीख पाळा. कंपनीचा दुसरा हप्ता लांबला तरी पाळा, त्यासाठी लागणारी रक्कम पहिल्या वर्षीच वेगळी काढून ठेवा.